साबणाच्या पापुद्र्याची साक्ष

१/२५
काचेची एक उभी नळी. तिच्या तळाशी साबणाचे थोडे पाणी. बाजूच्या तोंडातून वायू आत येत असतो. तळाचा मऊ रबरी गोळा बोटांनी हलकेच दाबला जातो आणि नळीच्या रुंदीभर ताणलेला साबणाचा एक पापुद्रा वर सरकू लागतो. खालच्या रेघेपाशी तो आला की स्टॉपवॉच सुरू, वरच्या रेघेपाशी पोचला की बंद. प्रयोग एवढाच. लहान मुलाच्या खेळासारख्या दिसणाऱ्या या कृतीवर विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी आपली आकडेमोड उभी केली, आणि कोळशाच्या खाणीतल्या हवेचा हिशेबही तिच्यावर टेकलेला होता. हा धागा त्या पापुद्र्याच्या इतिहासाचा आहे.

२/२५
कापड वाराने मोजता येते, धान्य पायलीने, दूध मापाने. वायूचे तसे नाही. तो दिसत नाही, मुठीत मावत नाही, तापला की फुगतो आणि दाबला की आक्रसतो. त्यातही साठवलेला वायू मोजणे एकवेळ सोपे. वाहता वायू मोजणे अवघड. एका मिनिटात या नळीतून किती वायू गेला, हा प्रश्न शाळकरी वाटतो. पण त्याच्या उत्तराला आधी पैसा चिकटला, मग कायदा, आणि शेवटी माणसाचा श्वास. त्या क्रमानेच ही गोष्ट पुढे सरकते.

३/२५
१८१२ साली लंडनमध्ये ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ला सनद मिळाली. कोळसा तापवून निघणारा वायू जमिनीखालच्या नळांतून दुकानांत आणि रस्त्यांवर पोचू लागला. आरंभी मीटर नव्हता. दिव्याची तोंडे किती आणि ती रोज किती तास पेटणार, यावर आकार ठरत असे. ठरल्या वेळेनंतरही दिवा जळत राहिला तर कंपनीचे नुकसान. वायूचा दाब मंदावला तर गिऱ्हाइकाचे. एकमेकांवर संशय घेण्यास दोघांनाही भरपूर जागा होती, आणि तो संशय मिटवील असे तिसरे कोणी मध्ये नव्हते.

४/२५
ही जागा यंत्राने घेतली. सॅम्युअल क्लेग या अभियंत्याने १८१५ च्या सुमारास पाण्यात फिरणाऱ्या पिंपाचा मीटर तयार केला. वायू पिंपाच्या कप्प्यांत शिरे, पिंप फिरे आणि फेऱ्यांवरून घनफळ कळे. पुढे १८५९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वायूच्या विक्रीसाठी घनफूट हे माप बांधून दिले आणि मीटर तपासून त्यावर शिक्का मारण्याची सोय केली. मुंबईच्या रस्त्यांवर वायुदीप लागले ते १८६५ साली, म्हणजे या कायद्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. तोवर वायू हा तराजूत न घालताही विकता येणारा माल झाला होता.

५/२५
पण मीटर खरा बोलतो की खोटा, हे कोण सांगणार? त्यासाठी त्याहून भरवशाचे माप हवे. यातून आली पाण्यात उलटी बुडवलेली धातूची मोठी घंटा. ती सावकाश खाली उतरते, तिच्या पोटातला वायू मीटरमधून बाहेर पडतो, आणि घंटा किती उतरली यावरून किती वायू गेला हे नेमके कळते. मीटरच्या कारखान्यात ही घंटा उत्तम चाले. प्रयोगशाळेत मात्र पंचाईत होती. तिथे कधी कधी मिनिटाला दोन-चार चमचे वायू वाहत असतो. एवढ्याशा झुळुकीपुढे ते लोखंडी अवडंबर व्यर्थ होते.

६/२५
अडचण केवळ आकाराची नव्हती. प्रवाह मोजणारे बहुतेक उपकरण त्या प्रवाहाकडून थोडे काम करवून घेते. पिंप फिरवायला वायूला जोर लावावा लागतो. नळीत गोटा तरंगत ठेवायचा तर त्याचे वजन पेलावे लागते. बारीक छिद्रातून जायचे तर दाब खर्ची पडतो. प्रवाह जोरकस असेल तर ही लाच जाणवत नाही. तो क्षीण असेल तर मोजणाराच मापात मोठा वाटा उचलतो आणि मग हाती येणारा आकडा मूळ प्रवाहाचा राहत नाही. हवे होते ते जवळजवळ वजन नसलेले आणि तरीही वायूला आरपार जाऊ न देणारे असे काहीतरी.

७/२५
असे काहीतरी प्रत्येक घरातल्या मोरीत होते, पण त्याचा गंभीरपणे अभ्यास करणारा माणूस बेल्जियमच्या गेंट शहरात होता. त्याचे नाव जोसेफ प्लातो (१८०१–१८८३). साबणाचे पापुद्रे तारांच्या चौकटींवर ताणून ते कोणते आकार घेतात, याचे नियम त्याने शोधले. पापुद्रा नेहमी शक्य तितके कमी क्षेत्रफळ व्यापू पाहतो, हे त्या साऱ्या नियमांच्या मुळाशी आहे. १८७३ साली त्याचा या विषयावरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. तोपर्यंत प्लातोला अंध होऊन सुमारे तीस वर्षे झाली होती.

८/२५
ज्या पापुद्र्यांचे रंग पाहून लोक हरखून जातात, ते प्लातोने आयुष्याच्या उत्तरार्धात पाहिलेच नाहीत. मुलगा, जावई आणि सहकारी प्रयोग मांडत, पाहत आणि सांगत. तो ऐकून विचार करी, पुढचा प्रयोग सुचवी. म्हणजे या विद्येच्या पायाभूत ग्रंथामागे दुसऱ्याच्या डोळ्यांवर ठेवलेला विश्वास आहे. पाहणाऱ्याने जे दिसले तेच सांगितले, म्हणून तो ग्रंथ टिकला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

९/२५
पुढचे नाव चार्ल्स व्हर्नन बॉइज (१८५५–१९४४). हा इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ नाजूक वस्तूंचा उस्ताद होता. १८८७ साली त्याने वितळलेल्या क्वार्ट्‌झला बाण चिकटवून तो धनुष्यातून सोडला आणि मागे खेचल्या गेलेल्या धाग्यातून अतिशय बारीक व बळकट तंतू मिळवले. त्याच तंतूंवर लहान गोळे टांगून त्याने गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजला. १८८९ च्या अखेरीस ‘लंडन इन्स्टिट्यूशन’मध्ये मुलांसमोर त्याने साबणाच्या फुग्यांवर व्याख्याने दिली. १८९० साली त्यांचे पुस्तक झाले आणि ते आजही छापले जाते.

१०/२५
फुग्यांवर बोलणाऱ्या या बॉइजची दुसरी ओळख फारशी कोणाला नसते. १८९७ पासून तो लंडनच्या ‘गॅस रेफ्रीं’पैकी एक होता. हे रेफ्री म्हणजे वायूच्या बाबतीतले पंच. शहराला पुरवल्या जाणाऱ्या वायूची तपासणी कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या उपकरणांनी व्हावी, हे ते ठरवत. वायू जाळल्यावर किती उष्णता मिळते ते मोजणारे एक उपकरण बॉइजने स्वतः घडवले. साबणाचा पापुद्रा आणि वायूचे माप, दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी नांदत होत्या. त्यांची गाठ मात्र इतिहासाने दुसऱ्याच नावावर नोंदवली आहे.

११/२५
ते नाव गाय बार. लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील ‘नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी’त बार काम करीत, द्रवांच्या चिकटपणाच्या मापनावरचे त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले होते. १९३४ साली ‘जर्नल ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स’मध्ये त्यांचा चार पानांचा एक लेख आला. दोन प्रकारचे प्रवाहमापक आणि प्रमाणीकरणाची एक पद्धत, असे त्याचे शीर्षक होते. प्रवाहमापकांना शीर्षकात पहिला मान. साबणाचा पापुद्रा शेवटच्या तीन शब्दांत लपलेला. आज त्या लेखाचा उल्लेख होतो तो मुख्यतः या शेवटच्या भागासाठी.

१२/२५
रचना इतकी साधी की ती कोणत्याही प्रयोगशाळेत अर्ध्या तासात उभी राहावी. रेघा आखलेली काचेची ब्युरेट, तळाशी साबणपाणी, त्याच्या जरा वर वायूसाठी आडवे तोंड. पातळी क्षणभर वर चढवली की तोंडावर पापुद्रा धरतो आणि वायू त्याला खालून ढकलत नेतो. इथे प्लातोचा नियम कामी येतो. कमीत कमी क्षेत्रफळ व्यापण्याच्या ओढीने पापुद्रा नळीत आडवा आणि सपाट राहतो, तिरका होत नाही. म्हणून तो कोणत्या रेघेवर आहे हे डोळ्याला स्पष्ट दिसते. नळी आधी साबणाने ओली करून घ्यावी लागते. कोरड्या काचेवर तो मध्येच फुटतो.

१३/२५
हिशेब तोंडी करता येतो. दोन रेघांमध्ये १० मिलिलिटर जागा आहे आणि पापुद्र्याला ती ओलांडायला २० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला अर्धा मिलिलिटर, मिनिटाला ३० मिलिलिटर. यात कोणता गुणक नाही, कोणती सारणी नाही, उपकरण बनवणाऱ्या कारखान्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. नळीचे घनफळ तिच्यात पाणी भरून, ते तोलून तपासता येते आणि वेळ घड्याळाने. लांबी, वजन आणि वेळ या मूळ मापांशी पापुद्र्याचे नाते थेट आहे. म्हणूनच इतर मापकांना शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले.

१४/२५
आता त्याच्या वजनाचा अंदाज पाहावा. नळीचा व्यास एक सेंटिमीटर आणि पापुद्र्याची जाडी दोन मायक्रॉन धरली, तर त्यातले सारे पाणी मिळून एका मिलिग्रॅमच्या सहाव्या भागाइतके भरते. तांदळाचा एक दाणाही त्याच्या शंभर पटींहून जड असतो. एवढ्याशा वजनाला वर नेण्यासाठी वायूला जवळजवळ काहीच खर्च करावे लागत नाही. मिनिटाला एखाद-दुसरा मिलिलिटर वाहणारी झुळूकही त्याला हलवू शकते. सहाव्या टिपणीतल्या कोंडीचे उत्तर हेच होते.

१५/२५
पापुद्रा निर्दोष नाही. साबणपाण्याच्या सहवासात कोरडा वायू वाफ उचलतो. २५ अंश सेल्सिअसला ती सुमारे तीन टक्के जागा अडवते, आणि ती वजा केली नाही तर माप तेवढे फुगते. तापमान आणि हवेचा दाब नोंदवावाच लागतो. कार्बन डायऑक्साइडसारखा वायू पाण्यात विरघळून पापुद्र्याच्या पलीकडे निघून जातो, तेव्हा पापुद्रा खऱ्यापेक्षा सावकाश चढतो. १९६४ साली ए. लेव्ही यांनी बारच्याच नियतकालिकात या पद्धतीच्या अचूकतेची छाननी केली. हे दोष मोजता येण्याजोगे आहेत, हाच तर तिचा मोठा गुण.

१६/२५
या नळीला खरे घर मिळाले ते १९५२ नंतर. त्या वर्षी लंडनच्या मिल हिल भागातील वैद्यकीय संशोधन संस्थेत ए. टी. जेम्स आणि ए. जे. पी. मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीचे प्रयोग प्रसिद्ध केले. मिश्रणातले घटक वाहत्या वायूबरोबर लांब नळीतून सोडायचे आणि कोण केव्हा बाहेर पडतो यावरून त्यांना ओळखायचे, अशी ती पद्धत. वायूचा वेग बदलला की घटकांच्या वेळाही बदलतात, म्हणजे ओळखच चुकते. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत कोट्यवधींच्या नव्हे, पण महागड्या यंत्रांच्या शेवटी काचेची एक साबणनळी लटकू लागली.

१७/२५
इथपर्यंतची गोष्ट नेटक्या खोल्यांतली आहे. पुढची अमेरिकेच्या ॲपलाचिया डोंगररांगेतली. २० नोव्हेंबर १९६८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टन येथे कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ७८ कामगार गेले. स्फोट साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. मात्र त्याच डोंगरांत आणखी एक मरण चालू होते, त्याला ना आवाज होता ना धूर. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत साठत जाई आणि फुप्फुसे दगडासारखी होत. कामगार त्याला ‘ब्लॅक लंग’ म्हणत, म्हणजे काळे फुप्फुस. जिना चढताना दम लागलेला चाळिशीतला माणूस तिथे नवलाचा नव्हता.

१८/२५
फेब्रुवारी १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हजारो खाणकामगारांनी काम थांबवले. मागणी पगाराची नव्हती; या आजाराला कायद्याने आजार मानावे आणि भरपाई द्यावी, एवढीच होती. राज्याला कायदा करावा लागला. वर्ष संपता संपता, ३० डिसेंबर १९६९ रोजी, केंद्रीय कायद्यावरही स्वाक्षरी झाली. खाणीतल्या हवेत छातीत खोल जाणारी धूळ किती चालेल याची मर्यादा अमेरिकेत प्रथमच ठरली: आधी एका घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम, आणि १९७२ च्या अखेरीपासून २ मिलिग्रॅम. आता प्रश्न उरला तो मोजण्याचा.

१९/२५
त्याचे साधन तोवर तयार होत आले होते. १९६० साली ब्रिटनच्या अणुऊर्जा केंद्रातील शेरवुड आणि ग्रीनहॅल्ग यांनी कामगाराच्या अंगावरच वागवता येईल असा हवा-नमुनक मांडला होता. त्याच कल्पनेवर खाणीतले साधन बेतलेले होते. कमरेच्या पट्ट्याला लहान पंप, तिथून छातीपर्यंत नळी, आणि तोंडाशेजारी एक छोटी डबी. डबीतल्या गाळणीवर दिवसभराची धूळ बसते. ती आधी-नंतर तोलायची, आणि पंपाने जेवढी हवा ओढली तिने भागायचे. तराजू धुळीचे वजन सांगतो. पण हवा किती ओढली, हे कोणी सांगायचे?

२०/२५
उत्तर पुन्हा तेच. पंप खाणीत जाण्यापूर्वी त्याची परीक्षा साबणाच्या पापुद्र्यापुढे होई. एक लिटरची ब्युरेट उलटी उभी करायची, वरच्या टोकाला पंप जोडायचा, खालचे तोंड बशीतल्या साबणपाण्याला क्षणभर टेकवून सोडायचे. पंप हवा ओढतो आणि पापुद्रा वर चढतो. मिनिटाला दोन लिटर हे ठरलेले माप; तेव्हा एक लिटर चढायला नेमके ३० सेकंद लागले पाहिजेत. कमी-जास्त झाले तर पंपाचा स्क्रू फिरवायचा आणि पुन्हा पाहायचे. बशी, साबण आणि घड्याळ. खाणकामगाराच्या छातीचा कायदा शेवटी या तिघांपाशी येऊन थांबत होता.

२१/२५
चूक झाली तर काय होते, ते आकड्यांत पाहू. काही तांत्रिक गुणक बाजूला ठेवले तर हिशेब असा. आठ तासांत मिनिटाला दोन लिटरप्रमाणे ९६० लिटर हवा. समजा खाणीतली खरी धूळ घनमीटरमागे २.२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे मर्यादेबाहेर. पंप मात्र थकलेला, मिनिटाला १.८ लिटरच ओढतो. गाळणीवर १.९ मिलिग्रॅम धूळ बसते. कागदावर ती ९६० लिटरनीच भागली जाते आणि उत्तर येते १.९८. खाण कायद्यात बसली. दोन दशांश लिटरच्या ढिलाईने एक बेकायदा दिवस कायदेशीर झाला. पापुद्रा ही ढिलाई पकडू शकतो. ३० सेकंदांऐवजी त्याला ३३ लागतात.

२२/२५
पण एक गोष्ट त्याला पकडता येत नाही. पंपाने किती हवा ओढली, हे पापुद्रा सांगतो. ती कुठली हवा होती, हे नाही. पंप कामगाराच्या कमरेवर होता, की ताज्या हवेच्या वाटेवर टांगलेला होता, की जेवणाच्या डब्यात झाकून ठेवला होता? एप्रिल १९९१ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने शेकडो खाणींवर धुळीच्या नमुन्यांत ढवळाढवळ केल्याचा ठपका ठेवला. त्यातले बहुसंख्य दावे पुढे सुनावणीत टिकले नाहीत. पण वेगळ्या खटल्यांत काही कंपन्यांनी आणि व्यक्तींनी फसवणुकीची कबुली दिली. १९९८ साली लुइव्हिलच्या ‘कुरिअर-जर्नल’ या दैनिकाने अनेक खाणकामगारांच्या मुलाखती घेऊन लेखमाला छापली. नमुने खोटे कसे होतात, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते.

२३/२५
या सांगण्यात लाज होती आणि भीतीही. खरा आकडा गेला तर खाण बंद पडेल, खाण बंद पडली तर घर कसे चालेल, हा हिशेब कामगाराच्या मनात ब्युरेटच्या हिशेबाहून मोठा होता. त्याची किंमत उशिरा दिसली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत व्हर्जिनियातल्या केवळ तीन दवाखान्यांत, २०१३ ते २०१७ या काळात, या आजाराच्या सर्वांत गंभीर अवस्थेतले ४१६ खाणकामगार आढळले. कायदा होऊन तोवर जवळजवळ पाच दशके लोटली होती. त्यामागे कारणे अनेक आहेत. खडकातली सिलिकाची धूळ हे एक मोठे कारण. पण कागदावरची खाण आणि खरी खाण यांत अंतर पडले होते, हे नाकारता येत नाही.

२४/२५
साधने बदलली. २०१६ पासून अमेरिकन खाणींत धूळ तिथल्या तिथे मोजून आकडा दाखवणारी उपकरणे सक्तीची झाली आणि मर्यादा १.५ मिलिग्रॅमवर आली. साबणाच्या नळीतही अंगठ्याऐवजी प्रकाशाचे संवेदक वेळ टिपू लागले. पुढे पापुद्र्याच्या जागी काचेत सरकणारा ग्रॅफाइटचा हलका दट्ट्या आला, त्याला ना ओल लागते ना तो फुटतो. तरी पापुद्रा हद्दपार झालेला नाही. जिथे पैसा कमी आणि शंका जास्त असते, तिथे अजूनही साबणपाणी काढले जाते. महागडे यंत्र काय दाखवते ते तपासायला काचेची नळी पुरते, हे समाधान आजही तसेच आहे.

२५/२५
मापनाचा इतिहास वाचताना वाटत राहते की अचूक उपकरण मिळाले की सत्य आपोआप हाती येते. लंडनच्या गॅस कंपनीला आणि गिऱ्हाइकाला तिसरा साक्षीदार हवा होता, तो मिळाला. तो इतका हलका होता की कोणाच्याही बाजूने ढकलत नव्हता. पण त्याच्यापुढे काय आणून ठेवायचे, हे माणसाच्याच हाती राहिले. गेंटच्या अंध प्लातोजवळ पापुद्रे पाहणारे डोळे होते आणि त्या डोळ्यांना खोटे सांगून काही मिळवायचे नव्हते. खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचे तसे नव्हते. खरे सांगितल्याने ज्याची भाकरी जाणार नाही, अशा साक्षीदाराची सोय काचेच्या नळीत करता येत नाही. ती कायद्याने, संघटनेने आणि पगाराच्या हमीने करावी लागते. बाकीचे काम साबणाचा पापुद्रा निमूटपणे करतो, ३० सेकंदांत एक लिटर.

(समाप्त)